माणूस पाण्यात, तर मशीन बंद!

'पोहणाराच बुडतो' ही म्हण आपल्या कानावर लहानपणीच पडते. ज्याला पोहता येत नाही तो पाण्यापासून चार हात लांब राहतो. ज्याला येते तो अंगात रग आहे तोवर पुढे पुढे जातो, आणि मग एखाद्या दिवशी भोवरा, ओहोटीची ओढ किंवा पायात आलेला गोळा त्याचा घात करतो. वाडवडिलांनी ही म्हण केली ती भरती-ओहोटी पाहून, नदीचे डोह पाहून. पण मंडळी, त्यांच्या काळी खाडीत चाळीस-साठ घोड्यांचे मशीन लावलेली होडी भरधाव फिरत नव्हती. आज फिरते. आणि तिच्यापुढे पट्टीचा पोहणारा काय किंवा पहिल्यांदा पाण्यात उतरलेले पोर काय, दोघेही सारखेच.

आंबा, काजू, भात सोडून आज या पानावर पाण्याविषयी लिहायचे कारण एवढेच, की पाणी हेही आता आपल्या गावचे शेतच झाले आहे. तारकर्ली, देवबाग, वायरी, मालवणची दांडी, कर्ली खाडीच्या पलीकडे भोगवे, जिथे जाल तिथे हाच व्यवसाय. खोल्या, जेवण आणि होडीची फेरी. ज्या पडवीत पूर्वी रापणीचा दोर वाळायचा तिथे आता नारिंगी लाइफ जॅकेटे वाळत घातलेली दिसतात. यात वाईट काहीच नाही. चार पैसे गावात येतात, पोरगा मुंबईची गाडी न पकडता घरी राहतो. परंतु त्याच पाण्यात गावची पोरं डुंबतात, ओहोटीला बायका कमरेएवढ्या पाण्यात वाकून तिसरे-कालवे काढतात, एखादा म्हातारा लहान होडीतून जाळे टाकतो, आणि त्यांच्यामधूनच पर्यटकांना घेऊन मशीनवाली होडी सुसाट जाते. कित्येक घरांत तर थोरला होडी चालवतो आणि धाकटा त्याच पाण्यात पोहतो. विचार करा, या दोघांची गाठ नको तिथे पडली तर?

म्हणून आज सांगायची गोष्ट एकच आहे. होडीजवळ माणूस पाण्यात असेल, तर मशीन बंद. 'हळू' नव्हे, 'न्यूट्रल' नव्हे. बंद! बाकीचे सगळे या एका नियमाभोवती फिरते. ते का, हे आता सविस्तर पाहू.

होडीवाल्याला तुम्ही दिसत नाही

पाण्यात असताना आपल्याला होडी स्पष्ट दिसते, तिचा आवाज येतो, तिचे निशाण दिसते. साहजिकच आपल्याला वाटते की होडीवाल्यालाही आपण दिसत असणार. इथेच फसगत होते. पोहणाऱ्याचे पाण्यावर दिसते ते फक्त डोके, म्हणजे एका नारळाएवढी वस्तू. केस काळे, पाणीही काळपट. त्यात बारीक लाटा उठल्या की तो नारळ क्षणात दिसतो, क्षणात नाहीसा होतो. आपल्या किनाऱ्याला दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि नेमक्या त्याच वेळी सूर्य पश्चिमेला कलतो. खाडीतून समुद्राकडे तोंड करून येणाऱ्याच्या डोळ्यांवर सगळे पाणी आरशासारखे चमकते. त्या चमकीत माणसाचे डोके शोधायचे म्हणजे वाळूत सुई शोधायची.

आणखी एक गोष्ट. मशीनला एकदम गॅस दिला की होडीचे पुढचे टोक वर उठते. मागे मशीनचा दांडा धरून बसलेल्या माणसाला त्या वेळी समोरचे पाणी दिसतच नाही, दिसते ते आपल्याच होडीचे टोक आणि त्यावर बसून फोटो काढणारे पाहुणे. होडी वेगात सरळ होईपर्यंत तो अक्षरशः आंधळ्यासारखा चाललेला असतो.

आता हिशेब करा. ताशी ४० किलोमीटरने येणारी होडी सेकंदाला ११ मीटर कापते. म्हणजे १०० मीटरवर दिसलेली होडी तुमच्याजवळ यायला नऊ सेकंद लागतात. साधा पोहणारा सेकंदाला एक मीटर जाईल, लहान मूल त्याहून कमी. नऊ सेकंदांत तुम्ही फार तर आठ-नऊ मीटर सरकणार. त्यातले पहिले तीन-चार सेकंद 'तो बाजूने जाईल' असे म्हणण्यात गेले, तर उरले काय?

आवाजावरही भिस्त ठेवू नका. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १,५०० मीटर. एका कानाला आणि दुसऱ्या कानाला आवाज पोचण्यात जो बारीकसा फरक असतो, त्यावरून आपल्याला दिशा कळते. पाण्यात आवाज इतक्या वेगाने येतो की तो फरक जवळजवळ मिटतो. डोके पाण्याखाली असताना मशीनची घरघर ऐकू येते खरी, पण ती डावीकडून की उजवीकडून हे उमगत नाही. बुडी मारून वर येणारी पोरं नेमकी इथेच सापडतात.

पंखा म्हणजे काय चीज आहे

होडीच्या मागे पाण्याखाली फिरतो त्याला आपण साधे 'पंखा' म्हणतो. नाव ऐकून वाटते घरच्या पंख्यासारखे काहीतरी असेल. घरच्या पंख्यात बोट गेले तर सुजते. या पंख्याचा प्रकार वेगळा आहे. भरधाव वेगात तो मिनिटाला ३,००० फेरे घेतो असे धरले, तर सेकंदाला ५० फेरे झाले. पाती तीन. म्हणजे एका सेकंदात १५० वार! कोयतीचा एक वार चुकवता येतो. दीडशे वार कोण चुकवणार?

त्यात हे सगळे पाण्याखाली, दिसत नाही अशा ठिकाणी. होडी धक्क्याला उभी आहे, मशीन हळू गुरगुरते आहे, पाहुणे शिडीवरून चढताहेत, असे दृश्य आपण रोज पाहतो. 'न्यूट्रलला आहे, काय होत नाय,' असे चालवणारा सांगतो. पण न्यूट्रलमधले मशीन गिअरमध्ये पडायला एक धक्का पुरतो. कोणाचा तरी हात दांड्यावर पडतो, कोणी तोल जाऊन त्यावर रेलतो, आणि पंखा फिरू लागतो. काही मशीनमध्ये तर न्यूट्रललाही पंखा थोडाबहुत फिरत राहतो. मागे घेताना (रिव्हर्सला) धोका दुप्पट, कारण तेव्हा पंखाच माणसाच्या दिशेने पुढे असतो. म्हणूनच पाण्यातल्या माणसाकडे होडी उलटी नेऊ नये, कधीच नाही.

होडीला ब्रेक नसतो, हेही विसरून चालणार नाही. गॅस सोडला तरी ती आपल्या वजनाने पुढे सरकतच राहते. रस्त्यावर गाडीपुढे म्हैस आडवी आली तर ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबतो. पाण्यात तसली सोय नाही.

पोहणाऱ्यांसाठी

'आमका काय होता? आम्ही हयच वाढलंव!' हे वाक्य आपल्या किनाऱ्यावर शंभरदा ऐकायला मिळते. खरे आहे, तुम्ही इथेच वाढलात. पण पाणी बदलले आहे. तेव्हा पुढच्या चार गोष्टी घरातल्या पोरांना आजच सांगा.

धक्का, जेटी आणि होड्या लागतात ती जागा पोहण्याची नव्हे. जेटीवरून सूर मारायला पोरांना मौज वाटते, पण तिथेच होड्या वळतात, मागे येतात, सुटतात. पोहायचे तर होड्यांच्या वाटेपासून लांब आणि किनाऱ्याला धरून पोहा. खाडी ओलांडून पलीकडे जायची पैज तर मुळीच नको. आडवे पोहणे म्हणजे हमरस्ता ओलांडणे झाले, तेही डोके खाली घालून.

दिसाल असे कपडे घाला. नारिंगी, भडक पिवळा किंवा पोपटी रंग पाण्यावर लांबून दिसतो. निळा, काळा, राखाडी हे रंग पाण्यात मिसळून जातात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्री जलतरणाच्या स्पर्धा होतात. अशा स्पर्धांत पोहणाऱ्यांच्या डोक्याला रंगीत टोपी असते, मार्ग बोये लावून आखलेला असतो आणि सोबतीला होड्या असतात. नामांकित पोहणाऱ्यांना एवढा बंदोबस्त लागतो, मग आपल्या पोराला का नको? टोपी नसेल तर जाळ्याचा एखादा भडक रंगाचा बोया हातभर दोरीने कमरेला बांधा. मागून तरंगत येतो, पोहण्यात आडकाठी करत नाही आणि होडीवाल्याला लांबून दिसतो.

एकटे पोहू नका. दोघांनी पोहायचे, तिसऱ्याने काठावर उभे राहून होड्यांवर लक्ष ठेवायचे. दिवस मावळल्यावर आणि उजाडायच्या आधी पाण्यात उतरायचे नाही.

होडी अंगावर येतेय असे वाटले तर तिच्यापुढे सरळ पळू नका, तिच्या वाटेला काटकोनात बाजूला व्हा. एक हात उंच करा, पाणी उडवा, ओरडा. डोक्यापेक्षा हात लांबून दिसतो. आणि होडी थांबली तरी तिच्या मागच्या बाजूने चढायला जाऊ नका. आधी विचारा, 'मशीन बंद आहे का?' उत्तर ऐकल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. चालू मशीनच्या होडीच्या मागच्या टोकाला लोंबकळणे हा काही पोरांचा आवडता खेळ आहे. तिथे पंखा तर आहेच, शिवाय मशीनच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायूही असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, भोवळ येते आणि माणूस गुपचूप पाण्यात घसरतो.

होडी चालवणाऱ्या पोरांनो, हे तुमच्यासाठी

होडी चालवणे हे जबाबदारीचे काम आहे. जुना तांडेल होडीत पाय ठेवण्याआधी वारा पाहायचा, पाण्याचा रंग पाहायचा. आजच्या तांडेलाने त्याबरोबर आणखी एक वस्तू पाहायची आहे, ती म्हणजे मशीनची लाल दोरी.

बाहेर बसवायच्या बहुतेक मशीनला बटणाजवळ एक लाल, गुंडाळीची दोरी अडकवलेली असते. तिचे दुसरे टोक चालवणाऱ्याने मनगटाला किंवा जॅकेटाला अडकवायचे असते. चालवणारा पाण्यात पडला की दोरी निघते आणि मशीन आपोआप बंद पडते. एवढी सोपी युक्ती. पण आपल्याकडे ही दोरी बहुधा मशीनलाच गुंडाळून ठेवलेली असते, कारण 'मध्येमध्ये येता'. ती नसली तर काय होते ते ऐका. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पॅडस्टो नावाचे, खाडीच्या तोंडाशी वसलेले बंदर आहे, आपल्या देवबागसारखेच पर्यटकांचे. मे २०१३ मध्ये तिथे एका कुटुंबातली सहाही माणसे वळण घेताना स्पीडबोटीतून पाण्यात फेकली गेली. दोरी चालकाच्या अंगाला लावलेली नव्हती. माणसे पाण्यात आणि रिकामी बोट चालूच! ती गोल फिरत पुन्हा त्यांच्याच अंगावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी जागीच गेली, बाकीच्यांतले काही जबर जखमी झाले. अशा अपघातांचा विचार करूनच अमेरिकेने एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोटींच्या चालकांना ही दोरी लावणे कायद्याने सक्तीचे केले. आपल्याला सक्तीची वाट कशाला पाहायला हवी? दोरी होडीतच आहे.

दुसरी गोष्ट, पाहुण्यांना होडीच्या पुढच्या टोकावर पाय सोडून बसू देऊ नका. फोटो छान येतो हे मान्य. पण लाटेवर होडी आपटली आणि माणूस पुढे पडला, तर होडी त्याच्यावरूनच जाणार आणि शेवटी पंखा येणार. थांबवायला वेळच मिळत नाही.

तिसरी गोष्ट जरा डोके लावून समजून घ्या. चालत्या होडीतून माणूस बाजूला पडला, तर होडी कुठे वळवायची? मन म्हणते त्याच्यापासून लांब. पण होडी मोटारीसारखी वळत नाही. तिचे पुढचे टोक एकीकडे वळले की मागचे टोक दुसरीकडे फेकले जाते. माणूस उजवीकडे पडला आणि तुम्ही होडी डावीकडे वळवली, तर पंखा थेट त्याच्या अंगावर गेला. म्हणून माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला पुढचे टोक वळवायचे आणि ताबडतोब मशीन बंद करायचे. हे शांत पाण्यात एखादा बोया टाकून चार वेळा करून पाहा. एकदा हाताला सवय झाली की वेळेवर आठवावे लागत नाही.

वेग किती ठेवायचा? न्यूझीलंडचा नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिथे किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत, तसेच कोणीही पोहणारा किंवा दुसरी होडी ५० मीटरच्या आत असेल तर पाच नॉटच्या वर जाता येत नाही. पाच नॉट म्हणजे ताशी नऊ किलोमीटर, माणूस रमतगमत धावतो तेवढा वेग. आपल्या खाड्या अरुंद, गर्दी जास्त. तेव्हा आपण त्याहून सैल राहून भागणार नाही. समोरासमोर दुसरी होडी आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचे, हा जगभरचा नियम आहे. आणि पांढरा-निळा, टोकाला खाच असलेला झेंडा दिसला की समजायचे, खाली पाणबुड्ये आहेत. लांबून आणि हळू जायचे. आपल्याकडे स्कुबा आणि स्नॉर्केलिंग जोरात चालते, हा झेंडा पाठ असायलाच हवा.

वेगाने येणारी बोट काय करू शकते हे मुंबईने १८ डिसेंबर २०२४ ला पाहिले. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. प्रशिक्षित माणसांच्या हातातही मशीन दगा देऊ शकते, मग आपण 'माझा हात बसलाय' म्हणून लोकांच्या अंगाजवळून होडी काढावी का?

ओढून नेण्याचे खेळ

पाहुण्यांना सगळ्यांत जास्त आवडते ते होडीमागे ओढून नेलेले. बनाना राइड, ट्यूब, बंपर. या सगळ्यांचा थोरला भाऊ म्हणजे वॉटर स्कीइंग, पायांना फळ्या बांधून दोरीच्या आधाराने पाण्यावरून घसरत जाणे. १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने हा खेळ पहिल्यांदा करून दाखवला. आपल्याकडे तो फार थोड्या ठिकाणी चालतो, पण त्याचे नियम बनाना राइडलाही जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला नियम, होडीत दोन माणसे हवीत. एक पुढे पाहणारा, एक मागे पाहणारा. चालवणाऱ्याने मान वळवून मागे कोण पडले ते पाहायचे आणि होडी पुढे चालू ठेवायची, हे म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरने मागे वळून तिकिटे फाडण्यासारखे झाले. कंडक्टर हवाच.

दुसरा नियम, खुणा आधी ठरवून घ्या. मशीनच्या आवाजात ओरडणे ऐकू येत नाही. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, अंगठा खाली म्हणजे कमी कर, गळ्यावरून हात फिरवला म्हणजे थांबव. पाण्यात पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून धरले म्हणजे मी ठीक आहे. ही खूण आली नाही तर तो जखमी आहे असे समजूनच जायचे.

तिसरा नियम, जागा मोकळी हवी. स्कीची दोरी साधारण २३ मीटर असते, आणि मागचा माणूस होडीच्या रेषेत राहत नाही, वळणावर तो झोक्यासारखा लांब बाहेर फेकला जातो. होडी पोहणाऱ्याला चुकवून गेली तरी मागची फळी किंवा ट्यूब त्याच्यावर आदळू शकते. म्हणून किनारा, खडक, मच्छीमारांची जाळी आणि पोहणारे यांच्यापासून दोन्ही बाजूंना भरपूर अंतर ठेवावे. दोरी हाताला, मनगटाला किंवा बोटाला गुंडाळून धरायची नाही, हे पाहुण्यांना निघण्याआधीच सांगा.

चौथा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. बनाना मुद्दाम उलटी करतात, पाहुणे पाण्यात पडतात, हसतात, ओरडतात. मग होडी त्यांना घ्यायला येते. अपघाताची वेळ ती हीच! अंगात जॅकेट असलेला माणूस बुडत नाही, पण त्याला बुडीही मारता येत नाही. होडी अंगावर आली तर तो बाहुल्यासारखा जागच्या जागी तरंगत राहतो. म्हणून हळू या, माणूस आपल्या नजरेच्या बाजूला राहील असे या, तो पंख्याच्या मागे जाता कामा नये. हाताच्या अंतरावर येण्याआधी मशीन बंद करा. ओढायची दोरी पाण्यात सैल पडलेली असते, ती पंख्यात गुंतू देऊ नका. सगळे वर आले की डोकी मोजा. सहा सोडले होते, सहा आले का? मग मशीन चालू.

जेट स्कीविषयीही दोन शब्द. तिला बाहेर पंखा नसतो म्हणून ती निर्धोक, असा समज आहे. तो खोटा. बहुतेक जेट स्की पाण्याच्या फवाऱ्याच्या जोरावरच वळतात. समोर माणूस पाहून घाबरलेला नवखा पाहुणा झटकन गॅस सोडतो, फवारा बंद होतो आणि मग हँडल कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते. म्हणून नवख्याच्या मागे आपला माणूस बसलेला असावा आणि लाल दोरी लावलेली असावी. मागे बसलेल्याने घट्ट धरून बसावे, कारण फवाऱ्यावर उलटे पडल्यास आतल्या अवयवांना गंभीर इजा होते. पातळ पोहण्याच्या कपड्यांपेक्षा जाड रबरी चड्डी किंवा सूट बरा.

लाइफ जॅकेट नुसते अंगात अडकवून भागत नाही. सगळे बक्कल लावा. मग खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून पाहा. हनुवटीपर्यंत आले तर ते ढिले आहे. मोठ्यांचे जॅकेट मुलांना घालू नका, पाण्यात मूल खालून निसटते. मे महिन्याचा शेवट तर विशेष जपण्याचा. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी पर्यटकांची होडी बुडून दोघे गेले. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटून सहाजणांचा अंत झाला. ढग भरून आले की होडी सोडायची नाही.

झालाच अपघात, तर

पहिले काम, मशीन बंद. दुसरे, माणसाला बाहेर घ्या. पंख्याची जखम असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबा, सारखे उचलून पाहू नका. हातापायातून रक्त थांबतच नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी आवळून बांधा आणि बांधल्याची वेळ लक्षात ठेवा. हळद, चहापूड असले काही भरू नका. बोट किंवा हात तुटला असेल तर तो भाग ओल्या स्वच्छ कापडात आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फात ठेवा. थेट बर्फात नको.

बुडालेल्याला उलटे टांगणे, पोट दाबणे हे जुने प्रकार सोडून द्या. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते. श्वास चालत नसेल तर तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा आणि दोन श्वास द्या. मदत येईपर्यंत हे चालू ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही तातडीला ११२, समुद्रात असाल तर सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे चार आकडे होडीच्या आतल्या फळीवर रंगाने लिहून ठेवा.

गावाने काय करावे

सगळे काही होडीवाल्यावर किंवा सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. समुद्र आणि खाडीतल्या होड्यांची नोंदणी आणि तपासणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. नद्या आणि अंतर्गत जलमार्गांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. किती माणसे बसवायची हे कागदावर ठरलेले असते, तो आकडा होडीवर ठळक दिसला पाहिजे. पाहुण्यांनीही तो वाचून मगच पाय ठेवावा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा 'आजचा दिवस बरा दिसतोय' म्हणून कोणी आग्रह केला तरी होडी सोडू नये. शेजारच्या गोव्यात १९९० साली सुरू झालेली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे मोटरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षकाचे शिक्षण मिळते. दोन पोरांना शिकवून आणले तर ती आणखी दहाजणांना शिकवतील.

आणि एक काम गावाच्या हातातले आहे. पोहण्याची जागा आणि होड्यांची वाट वेगळी करा. ग्रामसभेत विषय घ्या. मच्छीमार, होडीवाले, महिला बचत गट, शाळेचे मास्तर, सगळ्यांना बोलवा. पोरं कुठे पोहतात, बायका तिसरे कुठे काढतात, रापण कुठे लागते, होड्या कुठून सुटतात, हे कागदावर काढा. ओहोटीला खाडीची वाट अरुंद होते आणि सगळे एकाच जागी येतात, तेव्हाचे चित्रही काढा. मग बंदर निरीक्षकांना विचारून पोहण्याच्या जागेभोवती दोर टाका आणि त्यावर ओळीने बोये बांधा. बोयांच्या आत होडी येणार नाही, बोयांच्या बाहेर पोर जाणार नाही. किनाऱ्यावर एक फळी लावा, पाहुण्यांनाही कळेल. धरणाच्या काठच्या गावांनीही जलसंपदा खात्याशी बोलून हेच करावे.

याला मोठा निधी लागत नाही. जुन्या जाळ्यांचे बोये घरोघरी माळ्यावर पडून आहेत, दोरही आहे. बोयांना नारिंगी रंग दिला की झाले. एक रविवार आणि दहा माणसे, एवढेच लागते. सुट्टीची गर्दी सुरू होण्याआधीचा एखादा रविवार ठरवा.